पानांत फुलणारं झाड, पानं टाकून फुलणारं झाड

तुमच्या दारात एकच झाड मावणार असेल, तर ते तुम्ही कुणाच्या डोळ्यांसाठी लावाल? उत्तराची घाई करू नका. मी केली होती. माझं उत्तर मुद्द्यांसकट तयार होतं. ते चुकलं हे मला माझ्याच वहिनीच्या तोंडून, माझ्याच शब्दांत ऐकावं लागलं.

आमचं घर वसईजवळ सांडोरला. पुढे ओटा, ओट्यापुढे बारा पावलांचं अंगण, मग फाटक आणि रस्ता. मागे केळीची थोडी वाडी आणि बावखल, म्हणजे वाडीला पाणी शिंपण्यासाठी पूर्वी कधीतरी खणलेलं तळं. अंगणात डाव्या हाताला विहीर, उजव्या हाताला सेप्टिक टँक. त्यामुळे दोन्हींच्या मधोमध, ओट्यावरच्या बाबांच्या खुर्चीच्या अगदी समोर, एकाच झाडापुरती जागा. माझ्या जन्माआधीपासून तिथे बदाम होता. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका वादळात तो मुळासकट आडवा झाला. घराला लागला नाही, फाटक तेवढं गेलं. दुसऱ्या दिवशी ओट्यावर इतका उजेड आला की बाबांनी खुर्ची भिंतीपर्यंत मागे सरकवली. मला वाटलं, बदामाशिवाय त्यांना करमत नाही.

बाबा पापडीतल्या एका छापखान्यात मशीनवर होते. दिवसभर लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापायची आणि संध्याकाळी उरलेल्या कागदावर, मालकाला सांगून, स्वतःची पत्रकं. बावखलं बुजवू नका. एसटीच्या फेऱ्या कमी करू नका. टँकर भरभरून वाड्यांचं पाणी नेऊ नका. त्या पत्रकांच्या घड्या घालत मी मोठी झाले. चमच्याच्या पाठीने घडी पक्की करायची, शंभराचा गठ्ठा करायचा, वर रबर लावायचं. 'निषेध' हा शब्द मला 'नदी'च्या आधी वाचता येत होता. सात वर्षांची असताना घडी घालता घालता मी बाबांना दाखवलं, की या पत्रकावर सभेची वेळ आहे, पण सभा कुठे आहे तेच लिहिलेलं नाही. सगळा गठ्ठा पुन्हा छापावा लागला. त्या दिवसापासून ते मला संपादक म्हणू लागले. आजही म्हणतात. माझ्याकडे पदव्या दोन-तीन आहेत, पण मिरवावी अशी ही एकच.

घरातल्या भांडणांनाही हीच रीत होती. आवाज चढवायचा नाही, पत्रक काढायचं. ओट्याच्या दोन खांबांमध्ये एक दोरी आहे, तिच्यावर कपड्यांच्या चिमट्याने ते लटकवायचं. नियम तीन. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं. पहिल्या परिच्छेदात समोरच्याचं म्हणणं मांडायचं, आणि ते असं मांडायचं की समोरच्याने मान डोलवावी. शेवटी सही करायची. निकाल बाबा सकाळच्या चहाला देत. दादाने मोटारसायकलसाठी चार पत्रकं काढली आणि चारही वेळा हरला. आईने आयुष्यात एकच काढलं: 'आज स्वयंपाक होणार नाही.' त्यात पहिला परिच्छेद नव्हता, तरी मागणी तत्काळ मान्य झाली. आई जाऊन आता सात वर्षं होतील. दोरी तिथेच आहे.

बदाम पडला तेव्हा वहिनीला आमच्या घरात येऊन दीड वर्ष झालं होतं. ती तुळिंजची. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खिडकीच्या जाळीत दोन कुंड्या, एकीत तुळस आणि दुसरीत मनी प्लांट. माहेरची बाग म्हणजे एवढीच. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, पाळी दुपारची. म्हणजे सगळी सकाळ तिची. मी मुलांच्या एका मासिकात काम करते आणि साडेसातला घराबाहेर पडते. म्हणजे कुठलीच सकाळ माझी नाही.

मला काय काय सलत होतं ते सांगते, लपवण्यात अर्थ नाही. पहिल्याच दिवशी तिने बाबांना 'बाबा' म्हटलं. तिला स्वतःचे पप्पा होते, धडधाकट, दर रविवारी फोन करणारे. बाबा हा शब्द माझा होता. मग सकाळी ती तिची प्लास्टिकची खुर्ची बाबांच्या खुर्चीला लावून बसू लागली. मी चपला घालत असायची आणि मागे त्यांची कुजबुज चालू व्हायची. काही विसरलं म्हणून मी परत वळले, की थांबायची. दादाला विचारलं तर तो म्हणाला, पेपरावर गप्पा मारत असतील. बाबांनी पेपरावर गप्पा माझ्याशी मारायच्या, हे त्याला कसं कळत नव्हतं कोण जाणे.

त्याहून वाईट एक गोष्ट होती. माझ्याशी बोलताना बाबा माझ्याकडे बघेनासे झाले होते. मी समोर उभी असले की ते मान जराशी वळवायचे आणि माझ्या कानाच्या पलीकडे, विहिरीकडे बघत उत्तर द्यायचे. मासिकात छापून आलेलं माझं काहीही मी संध्याकाळी त्यांच्या हातात द्यायची. ते कागद नीट धरायचे, सावकाश पानं उलटायचे आणि म्हणायचे, ठेव, सकाळी बघतो. दुसऱ्या दिवशी अभिप्राय यायचा, जुन्यासारखाच नेमका. दुसरा परिच्छेद घट्ट कर. शेवट आधीच झालाय, पुढचं काढून टाक. पण पूर्वी ते माझ्यासमोर वाचायचे, चष्म्यावरून माझ्याकडे बघत. आता मी नसताना वाचायचे. आणि एका रविवारी चहा मागताना त्यांनी तिला हाक मारली, "उपसंपादक, साखर कमी." ती आतून हसली. माझ्या खात्यात कुणाची नेमणूक झाली होती आणि मला विचारलंही नव्हतं.

अशा वेळी झाडाचा प्रश्न निघाला.

माझी बाजू ताम्हणाची होती. ताम्हण आपला आहे, इथल्या मातीतला. त्याचं फूल राज्याचं फूल. ओढ्याकाठी, ओलाव्यात सुखाने वाढतो, आणि आमच्या अंगणात पावसाळ्यात चार-चार दिवस पाणी उभं असतं. वैशाखात जांभळे तुरे येतात, पाकळ्यांना चुण्या, क्रेप कागदासारख्या. हिवाळ्यात पानं तांबूस होऊन गळतात, म्हणजे फुलं नसतानाही बघण्यासारखा. तुंगारेश्वरच्या पायथ्याशी मी त्याची लाकडी बोंडं वेचली होती, बी पिशव्यांत रुजवलं होतं आणि माझी रोपं वीतभर झाली होती. दुसऱ्या देशांतून शोभेसाठी आणलेल्या झाडांविरुद्ध मी दोन लेख लिहिले होते. आता माझ्याच दारात तसं झाड उभं राहिलं असतं, तर त्या लेखांना काय तोंड दाखवलं असतं?

वहिनीला टॅबेबुया हवा होता. "हायवेवरचा तो गुलाबी," ती म्हणाली. हे झाड अमेरिका खंडातलं. माघ-फाल्गुनात सगळी पानं टाकतं आणि मग नुसतं फुलतं. फांदी न् फांदी गुलाबी, मध्ये हिरवं नावाला नाही. फुलं पंधरा दिवस, फार तर तीन आठवडे. मग रस्त्यावर सडा, झाडूचं काम आणि वर्षभर एक साधंसुधं झाड. फांद्या ठिसूळ, वाऱ्यात मोडतात. हे सगळं मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, ताम्हणाला फूल कधी येईल?

बियांपासून केलंय, मी म्हणाले, चार-पाच वर्षं तरी.

"तोवर तू तरी या घरात असशील का?" ती म्हणाली. माझ्या लग्नाचा विषय घरात कुणी काढत नव्हतं. हिने झाडाआडून काढला.

त्या रविवारी मी पापडीच्या रस्त्यावरच्या नर्सरीत गेले. वहिनी तिथे एक टॅबेबुया पसंत करून आली होती, मी गेले ती त्याच्यात खोट शोधायला. नर्सरी चालवणाऱ्या बाई उकिडव्या बसून पिशव्यांत माती भरत होत्या. झाड दहा फुटी होतं, मोठ्या ड्रममध्ये वाढवलेलं. मी त्यांना विचारलं, दोन्हींत चांगलं कोणतं. माझ्या बाजूने एक तरी साक्षीदार मिळावा एवढीच अपेक्षा.

"दोन्ही चांगली," त्या म्हणाल्या. "अंगनात पानी साचत असंल तर ताम्हन. खुर्चीत बसून बघायचं असंल तर ह्यो. बघनार कोन हाय?"

सगळेच बघणार, मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पुन्हा माती भरू लागल्या. मी मनात त्यांचं अर्धंच वाक्य उचललं आणि घरी आले.

पत्रक मी त्याच दुपारी लिहिलं. मथळा, 'परक्या रंगाला आपल्या दारात जागा का?' पहिल्या परिच्छेदात वहिनीचं म्हणणं मांडायला हवं होतं. दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा ते मांडताना तिचं म्हणणं बरोबर वाटू लागलं, म्हणून फाडून टाकलं आणि सरळ हल्ल्यापासून सुरुवात केली. चार दिवसांची शोभा आणि वर्षभराचा केर, असं लिहिलं. मुळं कुठली, माती कुठली, असं लिहिलं. आणि मग हे: 'ज्यांनी झाड म्हणजे खिडकीच्या जाळीतली कुंडी एवढंच पाहिलं, त्यांनी अंगणाचे निर्णय घेऊ नयेत. बाहेरून आलेल्याने आधी माती बघावी, रंग नंतर दाखवावा. आणि रंग दाखवून म्हाताऱ्या माणसाला आपलंसं करणं फार सोपं असतं.' शेवटचं वाक्य झाडाबद्दल नव्हतं, हे मला लिहितानाच कळत होतं. ते मला इतकं आवडलं, की मी त्याच्याखाली रेघ मारली. सही करायला हात गेला नाही. अक्षर सगळ्यांना ठाऊक होतं, सही कशाला, अशी मी स्वतःची समजूत घातली. सोमवारी सकाळी निघताना कागद दोरीवर लटकवला.

नाक्यापर्यंत पोचले आणि लक्षात आलं, तपासायला घरी आणलेली मासिकाची मुद्रितं घरीच राहिली. परत आले ती बाजूच्या वाटेने, विहिरीकडून, कारण फाटक अजून नीट बसवलेलं नव्हतं. घराच्या कोपऱ्याशी आले आणि वहिनीचा आवाज कानावर पडला. ती वाचत होती. शाळेत धडा वाचावा तसा, सरळ, न अडखळता.

"'ज्यांनी झाड म्हणजे खिडकीच्या जाळीतली कुंडी एवढंच पाहिलं, त्यांनी अंगणाचे निर्णय घेऊ नयेत.'"

मी भिंतीला टेकून थांबले. ती पुढचं वाचत गेली. माती आली, रंग आला. मग शेवटचं वाक्य. त्याच्याआधी ती एक क्षण थांबली. मला वाटलं, आता गाळेल. गाळायला कुणाची हरकत होती? बाबांना कळलंही नसतं. आणि मग माझ्या डोक्यात एकदम आलं, बाबांना कळलंही नसतं म्हणजे काय? कागद तर त्यांच्या समोर होता.

"'आणि रंग दाखवून म्हाताऱ्या माणसाला आपलंसं करणं फार सोपं असतं.' खाली रेघ आहे, बाबा."

"असंच लिहिलंय?"

"असंच आहे."

मग बाबांनी विचारलं, "खाली सही?"

"नाही."

"मग हे आपल्या घरातलं पत्रक नाही. काढून ठेव."

मी कोपऱ्यावरून थोडं वाकून पाहिलं. बाबा खुर्चीत, मान विहिरीकडे वळवलेली. म्हणजे माझ्याच दिशेने बघत होते. मी त्यांच्यापासून पंधरा पावलांवर, सकाळच्या उन्हात उभी होते, आणि त्यांनी मला ओळखलं नाही.

मुद्रितं न घेताच मी मागच्या बाजूला गेले आणि बावखलाच्या काठावर बसले. ऑफिसात फोन केला, आज जमणार नाही म्हणून. थोड्या वेळाने वहिनी केळीची पानं कापायला विळा घेऊन आली आणि मला बघून जागच्या जागी थांबली. मी तिला विचारलं, कधीपासून?

तिने विळा खाली ठेवला आणि सांगितलं. मागच्या पावसाळ्यापासून. डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध बिघाड झालाय. सुया झाल्या, तपासण्या झाल्या. बघायला गेलं की जिथे नजर लावावी तिथेच राखाडी डाग. अक्षरं गेली, मग चेहरे गेले. कडेने दिसतं, म्हणून मान वळवून बघतात. डाग पसरतोय. कडेचं किती दिवस राहील, रंग किती दिवस ओळखू येतील, डॉक्टर खात्रीने सांगत नाहीत. दादाला ठाऊक होतं. मला सांगायचं नाही, असं बाबांनी दोघांकडून वचन घेतलं होतं.

का, ते विचारायचा मला धीर झाला नाही. तिनेच सांगितलं. "ते म्हणाले, तिचं लिहिलेलं मी वाचत नाही हे तिला कळलं तर ती लिहायची थांबेल."

म्हणजे वर्षभर माझा प्रत्येक शब्द बाबांपर्यंत तिच्या तोंडातून गेला होता. दुसरा परिच्छेद घट्ट कर, हे त्यांनी तिचं वाचन ऐकून सांगितलं होतं. मला रडू यायला हवं होतं. खरं सांगायचं तर आधी आला तो मत्सर, पहिल्यापेक्षा मोठा. माझी पहिली वाचक तीच होती, आणि माझ्या लिखाणाला आवाजही तिचाच होता.

"तुझी वाक्यं फार लांब असतात," ती म्हणाली. "मधे श्वास घ्यायला जागाच नसते. मी आदल्या रात्री एकदा वाचून ठेवते."

आजचंही वाचून ठेवलं होतंस का, मी विचारलं.

"नाही. आजचं तिथेच पहिल्यांदा वाचलं."

मग शेवटचं का नाही गाळलंस? तिने केळीचं एक पान उगाचच हातात धरलं आणि सोडलं. म्हणाली, एकदा गाळलं की पुढे रोज गाळता येतं, मग मी त्यांना काय वाचून दाखवते त्याला काही अर्थच राहत नाही. त्यानंतर आत जाऊन तिने तिच्या लॅबच्या डायरीतून घडी घातलेला एक कागद आणून दिला. तिचं पत्रक. आठवडाभर आधी लिहिलेलं, दोरीवर कधीच न आलेलं, कारण ते लटकवलं असतं तर मला सगळं कळलं असतं.

पहिल्या परिच्छेदात मी होते. ताम्हण इथला आहे, पाण्यात टिकतो, त्याच्या फुलाला मान आहे, आणि बाहेरून शोभेची झाडं आणून आपण आपली झाडं विसरलो, हे बरोबर आहे. मी मान डोलावली असती असंच लिहिलं होतं. मग लिहिलं होतं, 'पण ताम्हण पानांत फुलतो. बाबांना पानांतलं फूल दिसत नाही. मी त्यांच्या खुर्चीसमोर बांबूवर आधी जांभळी ओढणी पाल्यात बांधून पाहिली, मग नुसती गुलाबी. पाल्यातली दिसली नाही. नुसती गुलाबी दिसली, मान वळवल्यावर. टॅबेबुया पानं टाकून फुलतो आणि नर्सरीतलं झाड मोठं आहे. मागणी एकच. जे लवकर फुलेल ते लावू.' खाली पूर्ण नावाची सही.

मी लगेच शरण गेले असं समजू नका. तिथेच बसून मी तिला पांगारा सुचवला, पळस सुचवला, काटेसावर सुचवली. तीही पानं टाकून फुलतात आणि तीही आपली. आम्ही दोघी तिच्या स्कूटरवरून वसईपासून विरारपर्यंतच्या नर्सऱ्या पालथ्या घातल्या. कुठे हातभर रोपं होती, कुठे नावंच माहीत नव्हती. कुणी मागतच नाही, असं तीन ठिकाणी ऐकलं. येत्या एक-दोन माघात फुलेल एवढं मोठं झाड एकच होतं, त्या बाईंच्या ड्रममधलं. याचा मला अजूनही राग आहे आणि त्यावर मी स्वतंत्र लिहीन. पण त्या रागाने बाबांना काही दिसणार नव्हतं.

नर्सऱ्या संपल्या त्या संध्याकाळी मी बाबांना पत्रक मागे घेते असं सांगितलं. ते विहिरीकडे बघत म्हणाले, सही नव्हती, मागे काय घेणार? नंतर हात पुढे करून माझा खांदा शोधला. त्यांना सगळं कळलं होतं, आणि मला कळलंय हेही. त्यावर आम्ही आजपर्यंत बोललेलो नाही.

आषाढात टॅबेबुया दारात लागला. पाणी साचतं म्हणून मी त्याच्यासाठी मातीचा उंचवटा केला, फांद्या मोडू नयेत म्हणून तीन बांबूंचा आधार दिला. ताम्हणाचं रोप मागे बावखलाच्या काठी लावलं.

पहिल्या माघात टॅबेबुयाने पानं टाकली आणि काहीच केलं नाही. नुसत्या काड्या. बाबा रोज सकाळी मान वळवून बघायचे आणि वहिनीला विचारायचे, आलं का काही? ती नाही म्हणायची. त्या 'नाही'ने मला आतून जरा बरं वाटायचं, हेही इथे लिहून ठेवते. सही करायची तर पूर्ण मजकुराखाली. फाल्गुनाच्या शेवटी कोवळी पानं फुटली आणि वर्ष वाया गेलं. त्या वर्षात बाबा फाटक शोधताना दोनदा विहिरीच्या कठड्यावर आदळले. त्यानंतर मला बरं वाटायचं बंद झालं. झाडाला पाणी घालायचं काम मी वहिनीकडून काढून घेतलं. पावसाळ्यानंतर पाणी तोडा, तहान लागली की फुलतं, असं नर्सरीच्या बाईंनी सांगितलं. तेही केलं. हात आवरणं पाणी घालण्याहून अवघड होतं.

या वर्षी माघाच्या मध्यावर, एका रविवारी, मी ओट्यावर चहा पीत होते. वरच्या चार-पाच फांद्यांवर आदल्या दिवशी कळ्या दिसल्या होत्या, पण आम्ही दोघींनी बाबांना मुद्दाम काही सांगितलं नव्हतं. सकाळी त्या उमललेल्या होत्या. मागे निळं आभाळ, पान एकही नाही. बाबा बाहेर आले, खुर्चीत बसले, सवयीने मान डावीकडे वळवली आणि थांबले. मग मान आणखी थोडी वळवली, परत आणली, जशी रेडिओची सुई लावावी तशी.

"गुलाबी आहे," ते म्हणाले. आणि नंतर, "उपसंपादक, तुझं झाड आलं."

तुझं झाड. बांबू माझे होते, उंचवटा माझा होता, दोन पावसाळे आणि एक उन्हाळा माझा होता. मी तिथेच, त्यांच्या उजव्या हाताला बसले होते. वहिनी दारातून बाहेर आली, तिने माझ्याकडे पाहिलं आणि बाबांना म्हणाली, पाणी हिने घातलंय. बाबा म्हणाले, ठाऊक आहे, पाऊल ओळखतो मी. मत्सर जातो असं लोक सांगतात. माझा गेला नाही. पण त्या सकाळी तो माझ्या शेजारी बसून झाड बघत होता, आणि मी त्याला उठवलं नाही.

फुलं अठरा दिवस टिकली. केर मीच काढला. टॅबेबुया आमच्या मातीतला नाही, हे माझं मत आजही तेच आहे. दुसऱ्या कुणाच्या दारात, दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांसाठी, मी ताम्हणच सांगेन. मागे बावखलावर माझा ताम्हण आता माझ्या खांद्याला लागलाय. तो फुलेल तेव्हा बाबांना दिसणार नाही. तेव्हा त्याचं वर्णन मी करणार, वहिनीने करायचं नाही, असं मी तिच्याकडून लिहून घेतलंय, सहीसकट. रविवारचं वाचनही आता माझ्याकडे आहे. परवा बाबा म्हणाले, चांगलं वाचतेस, पण उपसंपादक जरा सावकाश वाचते.

हे लिखाण त्यांना ती वाचून दाखवणार आहे. तसं आमचं ठरलंय. तिच्याबद्दलचं सगळं तिला मोठ्याने वाचावं लागेल आणि माझ्याबद्दलचं सगळं मला बाजूला बसून ऐकावं लागेल. वाक्यं मी यावेळी जरा आखूड ठेवली आहेत.

तुमच्याकडे एकच मागणी आहे. तुमच्या घरातही कदाचित कुणी असेल, जे पेपर हातात नीट धरतात, सावकाश पानं उलटतात आणि सकाळी बघतो म्हणतात. त्यांना डोळ्यांबद्दल काही विचारू नका. तुमची खुर्ची त्यांच्या खुर्चीला लावा आणि हे त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. वाचताना एखादं वाक्य तुम्हाला लागलं, तर तेही गाळू नका.